त्यानं वाट दिली होती

२७ सप्टेंबर

उजव्या हाताची बोटं सुजली आहेत, पेन नीट धरवत नाही, पण आज लिहायचंच. ही डायरी मी काम करतो त्या दुकानाच्या मालकानं जानेवारीत दिली होती, बियाण्याच्या कंपनीची. तेव्हापासून कोरीच आहे. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून आल्यापासून सहीपलीकडं मी काही लिहिलेलं नाही.

झालं असं. रिठदच्या थांब्यावर अंजू बसमध्ये चढत होती. अंजू पलीकडच्या तांड्यातली, हेमसिंगची पोरगी. वाशीमला नर्सिंग शिकते. आमच्याच जातीची, पण गोत वेगळं, म्हणजे अडचण काहीच नाही. ती चढत असताना एक पोट्टा म्हणाला, "ओ नर्सबाई, आमालेबी एक सुई टोचा ना."

मी मोटारसायकल लावली. जवळ गेलो. "पुन्हा म्हन."

"तुही कोन लागते बे ते?"

याचं उत्तर मी तोंडानं दिलं नाही. त्याचे दोन दात तरी हलले असतील. खाली पडल्यावरही मी मारत होतो, लोकांनी ओढलं. अंजूनं खिडकीतून सगळं पाहिलं आणि काच सरकन ओढून घेतली. लाजाळू आहे.

याडीनं, म्हणजे आईनं, बोटांना हळद लावली. म्हणाली, "या हातानं कधी कोनाले पानी पाजशील का रे?" बा उठून बाहेर गेला. बा असा उठून जातो तेव्हा जास्त राग येतो.

३० सप्टेंबर

काम रस्त्यावरचं आहे. रिसोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून शेताशेतातल्या हडंब्यांना, म्हणजे मळणीयंत्रांना, पट्टे, बेअरिंग, चाळण्या पोचवायच्या. सोयाबीन काढता काढता हडंबा बंद पडला की शेतकरी फोनवर नमस्कार करत नाही. "ढग आले ना बे, कुठं मेला तू?" इथूनच सुरुवात. म्हणून मला उडावं लागतं. आणि रस्त्यावर पाहावं तर पुढं ट्रॅक्टर, त्याच्यापुढं बैलगाडी, त्याच्यापुढं आणखी ट्रॉली. एकाच्या मागं अडकलं की गेला दिवस.

गोविंदा मागं बसला की सारखा म्हणतो, "थांब ना करण्या, जाऊ दे त्याले." गोविंदा माझा लहानपणापासूनचा दोस्त. पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे पाझर तलावापर्यंत पळतो, पायात पाय नाही, स्प्रिंग आहे. पण गाडीवर म्हातारीसारखा भितो.

मी त्याला सांगितलं, सोपं आहे. हॉर्न द्यायचा. समोरचा डावीकडं सरकला की त्यानं वाट दिली. वाट दिली की उजवीकडून घालायची, इचार करायचा नाही. इचार केला की गेला.

"आन त्यानं वाट दिलीच नसन तर?"

"मग सरकला कायले असता?"



गाडीचे आरसे मी काढून टाकलेत. गाडी शिंगं लावून फिरल्यासारखी दिसायची. हेल्मेट याडीनं आणायला लावलं, ते कोपरात अडकवतो.

४ ऑक्टोबर

काल सकाळी वाशीमच्या बसला रिठदच्या पुढं गाठलं. अंजू उजव्या खिडकीला होती. मी बसच्या बरोबरीनं बराच वेळ चालवली, तिच्या खिडकीला लागून. समोरून टेम्पो आला, त्यानं डिपर मारला, हॉर्न मारला, मी अगदी शेवटी बसच्या पुढं घातली. ड्रायव्हरनं आई काढली. पण अंजूनं तोंडावर हात घेतला होता. माझ्यासाठी जीव वरखाली झाला ना तिचा.

आज ती डाव्या बाजूला बसली होती. सकाळी उजव्या अंगाला ऊन लागत असेल. मी कच्च्यातून, बसच्या डावीकडून घातली. गाडी दोनदा घसरली. तिनं मान खाली घातली होती, वर केलीच नाही.

७ ऑक्टोबर

आज विनोदनं मला मारलं.

विनोद अंजूचा भाऊ. बापाचा ट्रॅक्टर चालवतो, हंगामात हडंबा लावून गावोगाव सोयाबीन काढतो. मी त्यांच्याकडं पट्टा द्यायला गेलो. पट्टा घेतला, मग माझ्या गाडीचं हँडल धरलं.

"बसच्या मागं काहून फिरतो तू?"

"रस्ता तुह्या बापाचा हाये का?"

खाडकन दिली कानाखाली. शेतात वीस बायका सोयाबीन टाकत होत्या, साऱ्या पाहत राहिल्या. एक हसली. मी पाना उचलला होता, दोघातिघांनी धरलं.

तो म्हणाला, "करण, ते पोट्टी दोन दिस झाले कॉलेजात गेली नाही. तू एखाद्या दिशी मरशील नाहीतर कोनाले मारशील. तुह्या बापाले मी सांगतो."

बायकांसमोर. कान अजून वाजतो आहे. आता तो मला रस्त्यावर भेटू दे.

१२ ऑक्टोबर

परवाचं आज लिहितो आहे. अंगाला तुरीचे ओरखडे सोडून मला काही झालेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

दुपार कलली होती. वाशीमकडून परत येत होतो. गोविंदा मागं, गळ्यात हडंब्याचा नवीन पट्टा हारासारखा घातलेला. त्या दिवशी त्याची छाती मोजून आली होती, भरतीला पुरेल एवढी भरली होती, म्हणून गात होता. रिठदच्या अलीकडं अंजूची बस दिसली. मी बस मागं टाकली. पुढं ट्रॅक्टर, मागं हडंबा लावलेला. विनोदचाच. लाल हडंबा मी लांबूनही ओळखतो.

हॉर्न दिला. तो डावीकडं सरकला. थोडा नाही, चांगला कच्च्यात चाक उतरेपर्यंत. वाट दिली. मी गाडी काढली. एकदा मागं बसकडं बघितलं, तेवढंच. गोविंदा काहीतरी ओरडला. पुढं पाहतो तर ट्रॅक्टरचं मोठं चाक माझ्याकडं वळलेलं. तो उजवीकडं पांदणीत, शेताच्या वाटेला, घालत होता, माझ्या अंगावरून.

मी तुरीत जाऊन पडलो. गोविंदा गाडी आणि चाकाच्या मधे राहिला. त्याचा डावा पाय होता, पण त्याचा नव्हता. गुडघ्याच्या खाली तो दुसरीकडंच पाहत होता, पांढरं हाड पँट फाडून बाहेर. पट्टा गळ्यातच होता. "करण्या, माहा बूट काढ, बूट आवळते," एवढंच म्हणत होता. बूट रक्तानं भरला होता, काढायला गेलो तर बुटाबरोबर पायही हलला.

विनोद उडी मारून आला. "मले दिसलाच नाही रे! देवाशपथ दिसला नाही!" त्यानं अंगातला शर्ट फाडून गोविंदाच्या मांडीला आवळला, बस थांबवली, उचलून बसमध्ये टाकला. सगळं नाटक. बायकांसमोर मारून पोट भरलं नव्हतं त्याचं. आधी वाट दिली, मग दाबलं.

१४ ऑक्टोबर

अकोल्याला गोविंदाचा पाय कापला. गुडघ्याच्या वरून. त्याचा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसून दगडानं दगड घासत होता, का ते त्यालाही माहीत नसेल.

आज हवालदारानं माझा जबाब घेतला. म्हातारा माणूस आहे, सारखा तंबाखू मळतो.

"समोरच्यानं हात दाखवला होता का? इंडिकेटर?"

"काही नाही. वाट दिली आन दाबलं."

"ट्रॅक्टरवाला म्हनते दिसला नाही."

"आरसा हाये ना त्याले. पाहून दाबलं. जाणूनबुजून."

त्यानं पेन थांबवलं. "जाणूनबुजून लिहू? पाह्य, निष्काळजी लिहिलं तर अपघात राहते. हा शब्द पडला तर मारायचाच इरादा होता असं होते. पोरगा आत जाते, लवकर बाहेर येत नाही. पक्कं?"

मी म्हणालो, लिहा. ठळक लिहा.

आणि सही केली.

१७ ऑक्टोबर

विनोदला जामीन मिळाला. म्हणे जाणूनबुजूनचं अजून तपासात आहे, तोपर्यंत मोकळा. गोविंदा खाटेवर आणि हा मोकळा!

राजपाल म्हणाला, "कागदावर काय भरोसा ठेवतो बे? चाल." राजपाल आमच्या तांड्यातला, माझ्याहून मोठा. गोविंदाच्या चुलत्याचा पोरगा, त्यामुळं त्याचा हक्कच होता. आम्ही पाच जण गेलो. विनोद नाल्यावर बैल धूत होता. ट्रॅक्टर ठाण्यात जमा, म्हणून बैल.

आम्हाला पाहून तो पळाला नाही. हेच मला आवडलं नाही.

राजपालनं त्याला पहिल्यांदा पाण्यात दाबलं. मग बाहेर ओढून लाथा. मी हडंब्याचा जुना पट्टा नेला होता, ओला करून. पाठीवर मारला की कातडी उठून यायची. तो हात तोंडावर घेऊन एकच म्हणत होता, "दिसला नाही रे, खरंच दिसला नाही." मला त्या वाक्याचीच चीड आली. ज्या हातानं स्टेअरिंग फिरवलं तो हात मी दगडावर ठेवला आणि पान्यानं मारला. हाडाचा आवाज वाळल्या पऱ्हाटीसारखा येतो. बैल बिथरून पाण्यातून निघून गेले.

वाटलं होतं, बरं वाटेल. घरी येऊन जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. मग बाहेर जाऊन ओकलो. पाणी खराब असेल नाल्याचं, माझ्याही तोंडात गेलं होतं.

२० ऑक्टोबर

अंजू मला भेटायला आली!

रिठदच्या थांब्यावर, स्वतःहून. सोबत तिची मैत्रीण रीता, ती लांब उभी राहिली. अंजूनं डोक्यावरून ओढणी घेतली होती. एवढ्या जवळून मी तिला पहिल्यांदा पाहिलं. डाव्या भुवईत तीळ आहे.

मी म्हणालो, "चहा घेतं का?"

"नाही. आयक. दादाचा हात मोडला, आमी तक्रार केली नाही. बा म्हनते तक्रार केली तर माहं नाव निघन. ते जाऊ दे. तू तो शब्द काढून टाक जबाबातून."

"त्यानं मुद्दाम दाबलं."

"मी त्याच बसमधी होती ना, करण. डायवरच्या मागच्या सीटवर. पुढच्या काचेतून सारं दिसे. दादा डावीकडं गेला तो वळायसाठी. आन तू पुढं पाहतच नव्हता. तुही मान मागं होती. माह्याकडं पाहून हसून राह्यला होता तू. तुह्या मागचा पोरगा ओरडून राह्यला होता, समोर पाह्य, समोर पाह्य."

म्हणजे माझं हसणं तिनं पाहिलं. ते इतके दिवस लक्षात ठेवलं.

मी विचारलं, "त्या सकाळी तू डाव्या बाजूले काहून बसली होती? ऊन लागे का?"

ती एक पाऊल मागं सरकली. मग म्हणाली, "मले तुहं भेव वाटते, करण. तुही गाडी वाजली का माहे हातपाय गार पडते."

आणि गेली. भेव माणसाला आपल्या माणसाचंच वाटतं. भावासाठी आली, हे तर तिला करावंच लागणार. घरात राहायचं आहे ना. पण शब्द मी काढणार नाही. तो काढला तर गोविंदाचा पाय कोणी नेला म्हणायचं?

२३ ऑक्टोबर

दिवाळी गेली. गोविंदा घरी आला. उंबऱ्यावर चढताना त्यानं नसलेला पाय उचलला आणि तोंडावर पडला. ओठ फुटला. मी धरायला गेलो तर म्हणाला, "राहू दे." मग खाटेवर बसून ओठ पुसता पुसता, "करण्या, मी ओरडलो होतो ना रे?"

मी म्हणालो, "काही आयकू आलं नाही. तुह्या गळ्यात पट्टा होता, आवाज दबला असन."

तो म्हणाला, "हो. तसंच असन."

२९ ऑक्टोबर

माझी गाडी ठाण्यात पडून आहे, दुकानाचं काम सुटलं. धरमसिंग काकाचा हडंबा आहे, त्याचा ड्रायव्हर ऊसतोडीच्या टोळीत गेला. काका म्हणाला, चालव. राहिलेली सोयाबीन काढायची आहे.

ट्रॅक्टर मला येतो, पण हडंबा मागं लावून कधी चालवला नव्हता. बैलाच्या शेपटीला घर बांधल्यासारखं वाटतं. पहिल्याच दिवशी पांदणीत उजवीकडं वळताना सरळ वळवला आणि हडंब्याचं मागचं चाक नालीत गेलं. काकानं माझ्या पाठीत बुक्की घातली.

"गाढवा, आधी डावीकडं ओढ! रस्ता सोडून बाहेर काढ, मंग उजवीकडं मार. नाहीतर हे मागचं धूड वळनच नाही."

आता जमतं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. आरशात पाहिलं तर हडंब्याचा पत्रा दिसतो, बाकी काही नाही. काकाला सांगितलं. तो म्हणाला, "आरसा दाढीले असते." वर गाण्यांचा डेक लावला की इंजिनाचा आवाज जरा सुसह्य होतो. हॉर्न कोणी दिला तर तो ऐकू येत नाही, पण मागून येणाऱ्याला डोळे असतातच की.

विनोदच्या ट्रॅक्टरला मोठा आरसा असेल. वेगळा.

३१ ऑक्टोबर

टपरीवर राजपालशी वाजलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, अंजी आलती म्हने तुले भेटाले. किती घेतले शब्द काढायचे, का दुसरंच काही देते म्हनली?" गरम चहाचा ग्लास मी त्याच्या तोंडावर फेकला. त्यानं मला बाकावरून ओढून डांबरावर घासलं. कपाळ सोलून निघालं. मी ओरडलो, "राजपाल, तुले गाडीखाली घेतो पाह्य!" साऱ्या टपरीनं ऐकलं.

असं आपण बोलतोच. रागात कोण बोलत नाही?

३ नोव्हेंबर

डावा डोळा बंद आहे. एका डोळ्यानं लिहितो.

शनिवारी हडंबा घेऊन हेमसिंगच्या शेजारच्या वावरात चाललो होतो. तीच पांदण. दुसरी वाटच नाही तिकडं जायला. डेक चालू होता. आधी डावीकडं ओढला, चाक कच्च्यात उतरवलं, मग उजवीकडं मारला. मागून काहीच नव्हतं. म्हणजे मला दिसलं नाही.

आवाज हलका आला. पोतं पडल्यासारखा. मला वाटलं हडंब्याची चाळणी निखळली. पुढं अर्धं वळण घेतल्यावर शेतातल्या बाया किंचाळताना दिसल्या, ऐकू नाही आल्या, नुसती तोंडं उघडी. डेक बंद केला.

मोटारसायकल हडंब्याच्या दांडीखाली आणि राजपाल मोटारसायकलखाली. जबडा एका बाजूला गेलेला, कानातून रक्त. एक हात रस्ता खाजवत होता, बोटं सोलून निघेपर्यंत खाजवतच होता, बाकी माणूस गप्प. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझी पँट गरम झाली. मी सारखं म्हणत होतो, दिसला नाही, मले दिसलाच नाही.

त्याचे भाऊ आले. कोणी म्हणालं, "टपरीवर बोलला होता ना, गाडीखाली घेतो!" मग काय विचारता. पहिली काठी खांद्यावर, दुसरी डोळ्यावर. पडलो. छातीवर कोणीतरी उभं राहिलं. एकानं दगड उचललेला पाहिला, मोठा, बांधावरचा. त्याच्या मागं आभाळ होतं. मी ओरडत होतो, आरशात पत्राच दिसते, चढून पाहा, पत्राच दिसते! कोणी चढलं नाही.

दगड आला नाही. मधे कोणीतरी आलं. पांढरा प्लास्टरचा हात माझ्या तोंडावर आडवा झाला. विनोद.

"नका मारू. त्याले दिसत नाही. हडंबा मागं असला का उजवीकडचं कोनालेच दिसत नाही."

"तू सरक, विन्या! यानंच तुहा हात मोडला ना?"

"मोडला. तरी दिसत नाही म्हन्तो ना मी. चढा ना वर. चढून पाहा."

राजपालचा भाऊ चढला. सीटवर बसला. आरशात पाहिलं. मान वळवून पाहिलं. मग उतरून काठी टाकली आणि रस्त्यातच बसून रडायला लागला.

विनोदनं एका हातानं मला उठवलं. मी त्याला ढकललं. काहून वाचवलं यानं मला? मला हे कळत नाही. मी त्याच्या जागी असतो तर दगड हातात आणून दिला असता.

६ नोव्हेंबर

राजपाल अकोल्याला आहे. डोळे उघडतो, ओळखत नाही.

हवालदार घरी आला. बानं खाट टाकली, याडीनं पाणी दिलं. त्यानं तंबाखू मळली, कागद मांडीवर घेतला.

"सांग."

"आधी डावीकडं ओढला, वळायसाठी. मंग उजवीकडं मारला. तो मागून आला. मले दिसलाच नाही साहेब."

तो लिहिता लिहिता थांबला. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे सारं माह्याकडं आधीच लिहिलेलं हाये, बेटा. डावीकडं ओढला, उजवीकडं मारला, दिसला नाही. नाव तेवढं बदलू का?"

 मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, मूठ वळली होती. बा माझ्या मुठीकडं पाहत होता.

हवालदार म्हणाला, "राजपालचे भाऊ जाणूनबुजून लिहा म्हनत होते. तू टपरीवर बोलला त्याले दहा साक्षीदार हायेत. आता ते लिहा म्हनत नाहीत. त्या हात मोडलेल्या पोरानं त्यायले सांगितलं म्हने."

याडी चुलीजवळून म्हणाली, "करण."

एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "माहा पयला जबाब काढा. त्यात एक शब्द जास्त हाये."

"काढता येत नाही. नवीन द्यावा लागते. आन मंग मी इचारीन, तो डावीकडं सरकला तवा तू कुठं पाहून राह्यला होता. ते सांगावं लागन. ते गोविंदाच्या बापालेबी कळन, गोविंदालेबी."

त्यानं विचारलं. मी सांगितलं. बासमोर, याडीसमोर. इथं ते लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

गोविंदाकडं गेलो होतो. दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून. त्यानं सगळं ऐकलं. मग कुबडी उलटी धरली आणि माझ्या पायावर मारली, नडगीवर, पुन्हा, पुन्हा, तोल जाऊन खाटेवर पडेपर्यंत. पडल्या पडल्याही मारत होता. मी पाय काढून घेतला नाही. त्याच्या बापानंही त्याला थांबवलं नाही.

१२ नोव्हेंबर

आज ऊसतोडीची टोळी गेली. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, माणसं. बा आणि याडी मागच्या ट्रॉलीत. केसमुळं दोघं थांबले होते, आता निघाले. मला तालुक्याबाहेर जायला मनाई आहे, म्हणून रिठदच्या पुढपर्यंतच सोडायला गेलो. माझी गाडी ठाण्यातून सुटली. टाकी चेमटली आहे, आरसे नवे बसवले. हेल्मेटमध्ये कान दुखतात.

ट्रॅक्टर माणूस चालतो तसा चालला होता. मी मागं. तोंडात धूळ, धूर, शेळीचा वास. रस्ता मोकळा होता. याडी ट्रॉलीतून हात हलवून सांगत होती, जा, पुढं जा, कायले धूळ खातो.

मागून वाशीमची बस आली. आरशात दिसली. हॉर्न दिला, मला ओलांडलं, ट्रॅक्टरला ओलांडलं, गेली. अंजू त्यात होती की नव्हती, कुठल्या बाजूला होती, मला माहीत नाही. मी ट्रॅक्टरच्या चाकाकडं पाहत होतो.

पांदण जवळ आली. ट्रॅक्टर डावीकडं सरकला, चांगला कच्च्यात उतरला. उजवीकडं सगळा रस्ता रिकामा पडला. याडी दोन्ही हातांनी, जा, जा.

मी ब्रेक दाबला आणि पाय टेकवला.

ट्रॅक्टर वळला नाही. पुढं खड्डा होता, तो चुकवून पुन्हा रस्त्यावर आला आणि सरळ गेला. याडी हसत होती माझ्याकडं पाहून. मी पुन्हा गिअर टाकला आणि मागंच राहिलो.

नडगी अजून ठणकते. गिअर टाकताना जास्त.